अमेरिकेतील नगरपालिकांच्या ब्रॉडबँड सेवेवरील राज्य-निर्बंध : एक ऐतिहासिक अभ्यास (१९९५ ते २०२४)

सारांश

अमेरिकेतील अनेक राज्यांनी १९९५ नंतर आपल्या नगरपालिकांना इंटरनेट व दूरसंचार सेवा पुरविण्यास मनाई करणारे किंवा त्या सेवेवर कठोर अटी लादणारे कायदे केले. हा वाद वरकरणी तंत्रज्ञानाचा किंवा खासगी उद्योग विरुद्ध सार्वजनिक उद्योग असा दिसतो. प्रस्तुत लेखात त्याची मुळे एकोणिसाव्या शतकातील नगर-स्वायत्ततेच्या प्रश्नात आणि १९३० च्या दशकातील विद्युतीकरणाच्या संघर्षात शोधली आहेत. शहराने कोणती सेवा स्वतः पुरवावी हे ठरविण्याचा अधिकार कोणाचा, हाच या वादाचा खरा विषय आहे, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजसंज्ञा : नगरपालिका, ब्रॉडबँड, राज्य-निर्बंध, संघराज्य, नगर-स्वायत्तता, सार्वजनिक वीज.

१. प्रस्तावना

अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलिना राज्यात पाइनटॉप्स नावाचे सुमारे तेराशे वस्तीचे एक गाव आहे. शेजारच्या विल्सन शहराची नगरपालिका या गावाला अनेक वर्षे वीज पुरवीत आली आहे. २०१६ मध्ये याच नगरपालिकेने गावात ऑप्टिकल फायबरचे जाळे नेऊन वेगवान इंटरनेट सेवा सुरू केली. सेवा सुरू होऊन काही महिने होतात न होतात तोच एका न्यायालयीन निर्णयामुळे ती देणे बेकायदेशीर ठरले. तारा टाकलेल्या होत्या, यंत्रे बसविलेली होती, ग्राहकांना सेवा हवी होती आणि नगरपालिकेची ती देण्याची तयारी होती. आड येत होता तो केवळ राज्याचा एक कायदा. त्याच नगरपालिकेची वीज गावात येऊ शकते, मग तिचे इंटरनेट का येऊ शकत नाही, या प्रश्नाचे उत्तर अभियांत्रिकीत सापडत नाही. त्यासाठी इतिहासाकडेच वळावे लागते.

भारतीय वाचकाला या प्रश्नाची घटनात्मक बाजू अपरिचित वाटू नये. आपल्याकडेही चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने समाविष्ट झालेल्या अनुच्छेद २४३-डब्ल्यू अन्वये नगरपालिकांना अधिकार मिळतात, ते राज्य विधिमंडळ देईल तेवढेच. अमेरिकेच्या संघीय राज्यघटनेत तर शहरांचा उल्लेखही नाही. म्हणूनच राज्य आणि शहर यांचे परस्परसंबंध तेथे न्यायालयीन निर्णयांतून व राज्यांच्या घटनांमधून घडत गेले.

प्रस्तुत लेखाची उद्दिष्टे तीन आहेत : पहिले, या निर्बंधांची ऐतिहासिक पूर्वपीठिका स्पष्ट करणे, दुसरे, त्यांचे स्वरूप व न्यायालयीन प्रवास यांचा आढावा घेणे, आणि तिसरे, निर्बंधांच्या समर्थनार्थ केल्या जाणाऱ्या युक्तिवादाचे मूल्यमापन करणे.

२. पूर्वपीठिका : शहराचे अधिकार आणि विजेचा वाद

आयोवा राज्याचे न्यायाधीश जॉन डिलन यांनी १८६८ मध्ये एका रेल्वेविषयक खटल्यात असे मत मांडले की, नगरपालिका हे राज्य विधिमंडळाचे अपत्य असून विधिमंडळाने स्पष्टपणे दिलेले अथवा त्यातून अपरिहार्यपणे निघणारे अधिकारच तिला वापरता येतात. हे मत पुढे 'डिलन यांचा नियम' या नावाने रूढ झाले. १९०७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 'हंटर विरुद्ध पिट्सबर्ग' या खटल्यात त्यास बळकटी दिली. अ‍ॅलेघेनी या शहराचे तेथील नागरिकांच्या इच्छेविरुद्ध पिट्सबर्गमध्ये विलीनीकरण करण्यात आले होते आणि न्यायालयाने ते वैध ठरविले. शहराच्या सीमा आणि शहराचे अधिकार राज्याच्या मर्जीनुसार बदलू शकतात, असा त्याचा अर्थ होता.

या विचाराला छेद देणारा दुसरा प्रवाह 'होम रूल' अर्थात नगर-स्वायत्ततेचा होता. स्थानिक कारभाराची सनद शहराने स्वतः तयार करावी, ही तरतूद १८७५ च्या घटनेत सर्वप्रथम करणारे राज्य मिझुरी होते. सव्वाशे वर्षांनंतर नगरपालिकांच्या दूरसंचार सेवेवरील बंदीचा सर्वांत महत्त्वाचा खटला याच राज्यातून उद्भवावा, हा इतिहासातील एक लक्षणीय विरोधाभास होय.

विजेच्या आगमनाबरोबर हा तात्त्विक प्रश्न व्यावहारिक झाला. मोठ्या शहरांत खासगी कंपन्यांनी वीज नेली. परंतु ज्या लहान शहरांत नफा दिसत नव्हता, तेथे नगरपालिकांनी स्वतःची वीजकेंद्रे उभारली. या नगरपालिका-मालकीच्या चळवळीला शह देण्याचा एक मार्ग शिकागोचे वीज उद्योजक सॅम्युएल इन्सल यांनी १८९८ मध्येच सुचविला होता. स्पर्धेऐवजी राज्य पातळीवरील नियामक मंडळ असावे आणि कंपन्यांना विशिष्ट क्षेत्राचा एकाधिकार मिळावा, असे त्यांचे म्हणणे होते. १९०७ मध्ये विस्कॉन्सिन व न्यूयॉर्क या राज्यांनी अशा नियमनाचे कायदे केले आणि नंतर बहुतेक राज्यांनी त्यांचे अनुकरण केले. विजेविषयीचा निर्णय त्यामुळे नगरसभेतून राज्याच्या राजधानीत गेला.

तथापि १९३० च्या दशकात पारडे पुन्हा फिरले. त्या वेळी अमेरिकेतील दहा शेतघरांपैकी जेमतेम एका घरात वीज होती. १९३३ मध्ये टेनेसी व्हॅली अ‍ॅथॉरिटीची, तर १९३५ मध्ये ग्रामीण विद्युतीकरण प्रशासनाची स्थापना झाली. खासगी कंपनीचा दर वाजवी आहे की नाही हे पडताळण्यासाठी सार्वजनिक विजेचा एक मापदंड असावा, ही राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांची भूमिका होती. टेनेसीतील चॅटनूगा शहराने १९३५ मध्ये स्वतःचे विद्युत मंडळ स्थापन केले. खासगी कंपन्यांनी न्यायालयात धाव घेतली; परंतु १९३९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना अशी दाद मागण्याचा अधिकारच नसल्याचे सांगितले. त्याच वर्षी तेथील खासगी वीज कंपनीची मालमत्ता सार्वजनिक संस्थांकडे आली. आजही अमेरिकेत सार्वजनिक मालकीच्या सुमारे दोन हजार वीज संस्था आहेत.

ही पूर्वपीठिका सविस्तर सांगण्याचे कारण असे की, पुढे ब्रॉडबँड क्षेत्रात उतरलेल्या शहरांपैकी अनेक शहरांकडे याच वारशातून आलेले खांब, मार्गहक्क, तंत्रज्ञ, देयक-व्यवस्था आणि मुख्य म्हणजे नागरिकांचा विश्वास होता. सेवेची ही परंपरा ज्यांच्याकडे होती, त्यांनीच पुढचे पाऊल टाकले.

३. १९९६ चा दूरसंचार कायदा आणि दोन शब्दांचा अर्थ

८ फेब्रुवारी १९९६ रोजी राष्ट्राध्यक्ष बिल क्लिंटन यांनी नव्या दूरसंचार कायद्यावर स्वाक्षरी केली. स्थानिक टेलिफोन सेवेतील मक्तेदारी मोडून स्पर्धा आणणे हा त्याचा हेतू होता. या कायद्याच्या कलम २५३ अन्वये, 'कोणत्याही घटकाला' दूरसंचार सेवा देण्यापासून रोखणारा कायदा राज्यांना करता येणार नव्हता. या कलमातील 'कोणताही घटक' या दोन शब्दांत राज्याची स्वतःची नगरपालिका समाविष्ट होते काय, हा पुढील आठ वर्षांच्या न्यायालयीन वादाचा विषय ठरला.

टेक्सासने १९९५ मध्येच नगरपालिकांना दूरसंचार सेवेपासून दूर ठेवणारी तरतूद केली होती. अ‍ॅबिलीन शहराने तिला आव्हान दिले. परंतु फेडरल कम्युनिकेशन्स कमिशनने (यापुढे 'आयोग') हस्तक्षेप नाकारला आणि १९९९ मध्ये वॉशिंग्टन येथील संघीय अपील न्यायालयाने आयोगाची भूमिका मान्य केली. मिझुरीने १९९७ मध्ये काही अपवाद वगळता अशीच बंदी घातली. तेथील नगरपालिकांच्या संघटनेने आयोगाकडे दाद मागितली. २००१ मध्ये आयोगाने अशी बंदी स्पर्धेला मारक असल्याचे मत नोंदविले खरे, परंतु अ‍ॅबिलीन निर्णयाचा आधार घेऊन बंदी कायम ठेवली. २००२ मध्ये आठव्या विभागाच्या अपील न्यायालयाने मात्र 'कोणताही' याचा अर्थ कोणताही असाच होतो, असे ठरवून नगरपालिकांच्या बाजूने कौल दिला.

दोन अपील न्यायालयांतील मतभेदामुळे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. २४ मार्च २००४ रोजी 'निक्सन विरुद्ध मिझुरी म्युनिसिपल लीग' या खटल्यात न्यायालयाने आठ विरुद्ध एक अशा बहुमताने राज्याच्या बाजूने निर्णय दिला. न्यायमूर्ती डेव्हिड सूटर यांनी बहुमताचा निकाल लिहिला. त्यांच्या विवेचनाचा गाभा असा होता की, खासगी कंपनीवरील बंदी उठविली की ती आपल्या भांडवलावर व्यवसाय करण्यास मोकळी होते. नगरपालिकेचे तसे नाही. तिच्यावरील बंदी संघीय कायद्याने उठविली, तरी सेवा देण्याचा अधिकार व त्यासाठीचा पैसा राज्याच्या कायद्यातूनच यावा लागतो. शिवाय एखाद्या राज्याने शहरांना एकदा परवानगी दिली की ती कधीच मागे घेता येणार नाही, अशी विचित्र स्थिती निर्माण होईल. राज्य आणि त्याच्या उपविभागांच्या संबंधांत ढवळाढवळ करावयाची असेल, तर संसदेने ते निःसंदिग्ध शब्दांत सांगितले पाहिजे. न्यायमूर्ती जॉन पॉल स्टीव्हन्स यांनी एकट्याने विरोधी मत नोंदविले. नगरपालिकांच्या वीज संस्था या क्षेत्रात उतरू शकतात याची संसदेला कायदा करतानाच जाणीव होती, तेव्हा 'कोणताही घटक' या शब्दांतून त्यांना वगळणे संसदेच्या हेतूशी विसंगत आहे, असे त्यांचे म्हणणे होते.

हा निर्णय तर्कदृष्ट्या सुसंगत होता, हे मान्य करावे लागेल. अशी बंदी योग्य आहे किंवा शहाणपणाची आहे, असे मात्र न्यायालयाने कोठेही म्हटले नाही. प्रश्न राज्यांच्या विवेकावर सोपविण्यात आला आणि त्यामुळे संघर्षाचे केंद्र न्यायालयांतून राज्यांच्या विधिमंडळांकडे सरकले.

४. बंदीपासून अटींपर्यंत : राज्य कायद्यांचे स्वरूप

२००४ व २००५ या वर्षांत अशा कायद्यांना वेग आला. नमुना-कायदे तयार करून राज्यांच्या आमदारांपर्यंत पोहोचविणाऱ्या अमेरिकन लेजिस्लेटिव्ह एक्स्चेंज कौन्सिल या संघटनेने या विषयावरही एक मसुदा उपलब्ध करून दिला होता. केबल व टेलिफोन कंपन्यांनी विधिमंडळांत या कायद्यांचा हिरिरीने पुरस्कार केला. या कायद्यांचे स्थूलमानाने चार प्रकार करता येतात.

पहिला प्रकार थेट मनाईचा. नेब्रास्का हे संपूर्णपणे सार्वजनिक मालकीच्या विजेवर चालणारे अमेरिकेतील एकमेव राज्य आहे. त्याच नेब्रास्काने आपल्या सार्वजनिक वीज संस्थांना किरकोळ ग्राहकांना ब्रॉडबँड विकण्यास मनाई केली. दुसरा प्रकार खासगी कंपनीला प्रथम संधी देण्याचा. पेनसिल्व्हेनियात ३० नोव्हेंबर २००४ रोजी गव्हर्नर एड रेंडेल यांनी स्वाक्षरी केलेल्या कायद्यानुसार, नगरपालिकेला शुल्क आकारून सेवा द्यावयाची असल्यास त्या भागातील टेलिफोन कंपनीला आधी विचारणे आवश्यक झाले. कंपनीने चौदा महिन्यांत तशी सेवा देण्याचे मान्य केल्यास नगरपालिकेचा मार्ग बंद होई. फिलाडेल्फिया शहराची बिनतारी इंटरनेट योजना तेव्हा गाजत होती. वाटाघाटींनंतर तिला यातून वगळण्यात आले. तिसरा प्रकार सक्तीच्या सार्वमताचा. कोलोरॅडोने २००५ मध्ये अशी अट घातली. चौथा प्रकार आर्थिक व भौगोलिक अटींचा : नगरपालिकेने खर्चापेक्षा कमी दर लावू नये, खासगी कंपनीला भरावे लागणारे कर आपणही भरतो असे समजून दर ठरवावेत, स्वतःच्या हद्दीबाहेर जाऊ नये, इत्यादी.

यांतील शेवटचे दोन प्रकार अभ्यासकाने विशेष बारकाईने पाहावेत असे आहेत. त्यांची भाषा समानतेची व लोकशाहीची आहे. लोकांना विचारा, सर्वांना समान नियम लावा, हे कोणालाही मान्य होण्यासारखे तत्त्व आहे. परंतु खासगी कंपनीला नवीन वसाहतीत जाण्यापूर्वी सार्वमत घ्यावे लागत नाही, आपली व्यवसाय-योजना सार्वजनिक सुनावणीत प्रतिस्पर्ध्यासमोर उघडी करावी लागत नाही आणि नवे ग्राहक मिळविण्यासाठी काही काळ तोट्यात दर लावण्यासही तिला आडकाठी नसते. समान मैदान या नावाने आलेले नियम अशा रीतीने प्रत्यक्षात एकाच खेळाडूला लागू होत. २०११ मधील नॉर्थ कॅरोलिनाच्या कायद्याला तर 'समान मैदान' हेच नाव देण्यात आले होते.

५. दोन शहरांचा अनुभव : लाफायेत व चॅटनूगा

लुइझियाना राज्यातील लाफायेत शहराची वीज व पाणी व्यवस्था एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून सार्वजनिक मालकीची आहे. २००४ मध्ये शहराने घरोघरी फायबर नेण्याची योजना मांडली, तेव्हा राज्याने 'न्याय्य स्पर्धा' या नावाचा कायदा केला. १६ जुलै २००५ रोजी झालेल्या सार्वमतात सुमारे ६२ टक्के मतदारांनी योजनेला पाठिंबा दिला. शहराचे प्रमुख जोई ड्युरेल हे रिपब्लिकन पक्षाचे होते, ही गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. स्थानिक पातळीवर हा प्रश्न पक्षीय नव्हता. तरीही कर्जरोख्यांविरुद्ध दावे दाखल झाले. फेब्रुवारी २००७ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने शहराच्या बाजूने निकाल दिला आणि २००९ मध्ये सेवा सुरू झाली. जनतेचा स्पष्ट कौल मिळाल्यापासून पहिला ग्राहक जोडला जाईपर्यंत साडेतीन वर्षांहून अधिक काळ लोटला. असे कायदे नेहमीच सेवा थांबवितात असे नाही. परंतु ते विलंब घडवितात, आणि हा विलंब प्रस्थापित कंपनीच्या पथ्यावर पडतो.

चॅटनूगाच्या विद्युत मंडळाचा अनुभव याहून बोलका आहे. टेनेसीच्या १९९९ च्या कायद्याने नगरपालिकांच्या वीज संस्थांना इंटरनेट सेवेची परवानगी दिली होती, मात्र आपल्या वीजपुरवठा क्षेत्राच्या आतच. वीजपुरवठ्यातील बिघाड आपोआप ओळखणारी व सुधारणारी यंत्रणा उभारण्यासाठी मंडळाला २००९ मध्ये सुमारे ११.१६ कोटी डॉलरचे संघीय अनुदान मिळाले. त्याला कर्जरोख्यांची जोड देऊन फायबरचे जाळे पूर्ण करण्यात आले. सप्टेंबर २०१० मध्ये मंडळाने आपल्या सुमारे सहाशे चौरस मैलांच्या संपूर्ण क्षेत्रात सेकंदाला एक गिगाबिट वेगाची सेवा उपलब्ध करून दिली. त्या वर्षी आयोगाच्या व्याख्येनुसार ब्रॉडबँड म्हणजे सेकंदाला किमान चार मेगाबिट वेग, हे लक्षात घेतल्यास या घटनेचे महत्त्व कळून येते. या क्षेत्राच्या सीमेपलीकडे मात्र ही सेवा नेता येत नव्हती. शेजारील वस्त्या मागणी करीत होत्या, मंडळाची तयारी होती, आणि १९३० च्या दशकात विजेसाठी आखलेली सीमारेषा एकविसाव्या शतकात माहितीच्या वाटपाची सीमारेषा होऊन बसली.

६. विल्सन, पाइनटॉप्स आणि २०१५-१६ चा संघर्ष

विल्सन शहराने प्रथम खासगी कंपन्यांना फायबर जाळे उभारण्याची विनंती केली होती. त्यांनी नकार दिल्यावर नगरपालिकेने २००८ मध्ये 'ग्रीनलाइट' ही आपली सेवा सुरू केली. त्यानंतर विधिमंडळात निर्बंधांची विधेयके येऊ लागली आणि २०११ मध्ये वर उल्लेखिलेला कायदा संमत झाला. गव्हर्नर बेव्ह पर्ड्यू यांनी त्यावर स्वाक्षरी केली नाही आणि नकाराधिकारही वापरला नाही; स्वाक्षरीविनाच तो अमलात आला. चालू असलेली ग्रीनलाइट सेवा त्यातून वगळण्यात आली, परंतु केवळ विल्सन काउंटीपुरती. पाइनटॉप्स शेजारच्या काउंटीत असल्याने ते बाहेर राहिले.

जुलै २०१४ मध्ये चॅटनूगाचे विद्युत मंडळ व विल्सन शहर या दोघांनी आयोगाकडे अर्ज केले. जानेवारी २०१५ मध्ये राष्ट्राध्यक्ष बराक ओबामा यांनी आयोवातील सीडर फॉल्स येथे भाषण केले. तेथेही ब्रॉडबँड सेवा शहराच्याच वीज संस्थेमार्फत चालते. तेव्हा १९ राज्यांत असे निर्बंध असल्याचे सांगून त्यांनी ते उठविण्याचे आवाहन केले. २६ फेब्रुवारी २०१५ रोजी टॉम व्हीलर यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाने तीन विरुद्ध दोन मतांनी टेनेसी व नॉर्थ कॅरोलिना येथील भौगोलिक व आर्थिक अटी रद्दबातल ठरविल्या. आधार होता १९९६ च्या कायद्यातील कलम ७०६ चा, ज्यात प्रगत दूरसंचार सुविधांच्या मार्गातील अडथळे दूर करण्याचे दायित्व आयोगावर टाकले आहे. शहरांना सेवा देण्याचा अधिकार राज्याने आधीच दिला असून आपण केवळ त्यावरील स्पर्धाविरोधी अटी हटवीत आहोत, असा आयोगाचा युक्तिवाद होता. २००४ च्या निकालातून वाट काढण्याचा हा प्रयत्न होता.

या आदेशाच्या आधारे विल्सनने पाइनटॉप्सपर्यंत फायबर नेले. १० ऑगस्ट २०१६ रोजी सहाव्या विभागाच्या अपील न्यायालयाने 'टेनेसी विरुद्ध आयोग' या खटल्यात आदेश रद्द केला. राज्याने आपल्या उपविभागाला किती अधिकार द्यावेत हे ठरविण्यात आयोगाने हस्तक्षेप करण्यासाठी संसदेचे निःसंदिग्ध शब्द हवेत आणि कलम ७०६ मध्ये ते नाहीत, असे न्यायालयाने सांगितले. वेगवान इंटरनेटमुळे होणारे लाभ न्यायालयाने नाकारले नाहीत; निर्णय अधिकारकक्षेपुरता होता. आयोगानेही पुढे अपील केले नाही.

सप्टेंबर २०१६ मध्ये विल्सनच्या नगरसभेने पाइनटॉप्समधील सेवा बंद करण्याचे ठरविले, कारण ती चालू ठेवल्यास संपूर्ण ग्रीनलाइट सेवेलाच मिळालेली सूट धोक्यात आली असती. पुढच्याच महिन्यात एक मार्ग निघाला. कायद्याचा रोख शुल्क घेऊन दिलेल्या सेवेवर असल्याने, विधिमंडळ तोडगा काढीपर्यंत ती विनामूल्य देण्याचा निर्णय नगरसभेने घेतला. २०१७ मध्ये राज्याने विशेष कायदा करून, खासगी कंपनीचे जाळे गावात येईपर्यंत सेवा चालू ठेवण्यास परवानगी दिली. म्हणजे ज्या गावाकडे खासगी कंपन्यांनी वर्षानुवर्षे पाठ फिरविली होती, तेथे आधी सोय करणाऱ्याला केवळ तात्पुरत्या पाहुण्याचा दर्जा मिळाला.

७. निर्बंधांच्या समर्थनाचा विचार

निर्बंधांच्या समर्थकांचे म्हणणे दुर्लक्षिण्याजोगे नाही. इंटरनेटचे तंत्रज्ञान झपाट्याने बदलते, गुंतवणूक मोठी असते आणि अंदाज चुकल्यास भार करदात्यांवर पडतो. शिवाय रस्ते व खांब यांवर नियंत्रण असलेली नगरपालिका स्वतःच स्पर्धक झाली, तर ती निःपक्षपाती कशी राहणार, असाही प्रश्न आहे. याची उदाहरणेही आहेत. व्हरमाँटमधील बर्लिंग्टन शहराने आपल्या दूरसंचार उपक्रमासाठी नगरपालिकेच्या निधीतून सुमारे १.७ कोटी डॉलर वळविले; परिणामी २०१० मध्ये शहराचे पतमानांकन घसरले, कर्जदात्याबरोबर खटला उद्भवला आणि अखेर २०१९ मध्ये उपक्रम खासगी हाती गेला. युटामधील प्रोव्हो शहराने सुमारे ३.९ कोटी डॉलरचे कर्ज काढून जाळे उभारले. २००८ मध्ये विकलेले हे जाळे पुन्हा शहराकडे आले आणि २०१३ मध्ये गूगलला अवघ्या एका डॉलरला द्यावे लागले. कर्जाची परतफेड मात्र नागरिकांकडेच राहिली.

परंतु या उदाहरणांतून निर्बंधांचे समर्थन होते काय? प्रोव्होच्या बाबतीत युटाच्या २००१ च्या कायद्याने शहरांना ग्राहकांना थेट सेवा विकणे अवघड करून ठेवले होते. त्यामुळे जाळे शहराचे, पण ग्राहक मिळविण्याची जबाबदारी इतर कंपन्यांची, अशी रचना पत्करावी लागली. निर्बंध हा येथे अपयशावरचा उपाय नसून अपयशाच्या कारणांपैकी एक होता. बर्लिंग्टनमधील दोष हिशेबाच्या पारदर्शकतेचा होता आणि त्यावरील उपाय कडक लेखापरीक्षण हा आहे. टेनेसीच्या कायद्यात विजेच्या महसुलातून इंटरनेट सेवेला अनुदान देण्यास मनाई आहे. ही अट वाजवी असून तिच्यामुळे चॅटनूगाची प्रगती अडली नाही. सेवेची सीमा गोठविणाऱ्या अटीचा करदात्याच्या हिताशी मात्र कोणताही संबंध दाखविता येत नाही. चुकीच्या निर्णयाबद्दल नगरसेवकांना मतदार घरी पाठवू शकतात. निर्णयच घेऊ न देणाऱ्या राज्य कायद्यापुढे त्या शहराचे मतदार हतबल असतात, कारण विधिमंडळातील बहुसंख्य सदस्य त्यांनी निवडलेलेच नसतात.

८. निर्बंधांची माघार

न्यायालयांत न मिळालेले यश शहरांना पुढे राजकीय मार्गाने काही प्रमाणात मिळाले. कोलोरॅडोत सार्वमताची अट अडथळा म्हणून घातली गेली होती. परंतु शंभराहून अधिक स्थानिक संस्थांनी सार्वमत घेऊन तिच्यातून स्वतःची सुटका करून घेतली. लाँगमाँट शहरात २००९ मध्ये कंपन्यांच्या जोरदार प्रचारापुढे प्रस्ताव पडला, तर २०११ मध्ये तेथील मतदारांनीच तो मंजूर केला. अखेर मे २०२३ मध्ये राज्याने तो कायदाच मागे घेतला. करोना महामारीच्या काळात शाळा, दवाखाने व कचेऱ्या घरातील जोडणीवर अवलंबून राहू लागल्यावर आर्कान्सा व वॉशिंग्टन या राज्यांनी २०२१ मध्ये आपले निर्बंध शिथिल केले. मिनेसोटात टेलिफोनच्या काळापासून चालत आलेली ६५ टक्के मतांची अट २०२४ मध्ये रद्द झाली. २०२१ च्या संघीय पायाभूत सुविधा कायद्याने ब्रॉडबँडसाठी सुमारे ६५ अब्ज डॉलरची तरतूद केली आणि स्थानिक संस्थांना या निधीतून वगळू नये असे म्हटले. पण त्यामुळे राज्यांचे जुने निर्बंध आपोआप नाहीसे झाले नाहीत.

९. निष्कर्ष

१) नगरपालिकांच्या ब्रॉडबँडवरील निर्बंधांचा वाद नवा नाही. शहराचा निर्णय राज्याच्या पातळीवर नेऊन निष्प्रभ करण्याची रीत विजेच्या क्षेत्रात विसाव्या शतकाच्या आरंभीच रूढ झाली होती.

२) १९३० च्या दशकात संघशासनाने शहरांना स्पष्ट पाठबळ दिले, म्हणून सार्वजनिक वीज उभी राहिली. १९९६ च्या कायद्यात तशी स्पष्टता नव्हती, आणि २००४ व २०१६ च्या निर्णयांत हीच उणीव निर्णायक ठरली.

३) थेट बंदीपेक्षा समानतेच्या भाषेतील अटी अधिक परिणामकारक ठरल्या, कारण त्यांना उघड विरोध करणे कठीण होते. त्यांचा प्रमुख परिणाम विलंब हा होता.

४) काही शहरांचे अपयश खरे आहे. त्यावर उपाय म्हणून पारदर्शक हिशेब व लेखापरीक्षण यांच्या अटी योग्य ठरतात. निर्णयाचा अधिकारच काढून घेणे योग्य ठरत नाही.

प्रत्येक नगरपालिकेने इंटरनेट सेवा चालवावीच, असे या इतिहासातून सिद्ध होत नाही. अनेक शहरांना ते झेपणार नाही आणि काहींना त्याची गरजही भासणार नाही. परंतु विजेच्या बाबतीत हा निर्णय ज्या शहरांनी स्वतः घेतला, त्यांच्या त्या निर्णयाचे फळ त्यांच्या तिसऱ्या-चौथ्या पिढीला मिळाले, हे चॅटनूगा व लाफायेत यांवरून दिसते. पाइनटॉप्सच्या नागरिकांना वीज कोणी द्यावी याचा निर्णय एकेकाळी स्थानिक पातळीवर होऊ शकला. इंटरनेट कोणी द्यावे हे मात्र त्यांच्यासाठी राजधानीत ठरले. स्थानिक स्वराज्य या संज्ञेतील 'स्वराज्य' किती खरे, याची कसोटी अशाच साध्या सेवांच्या प्रश्नांवर लागत असते.